तीनची पाटी

उन्हाळी धान निसवायला आला आणि टोल्याचा डीपी, म्हणजे वस्तीच्या मोटरींना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्यांदा जळला. पहिल्यांदा जळला तेव्हा लोकांनी उन्हाला शिव्या घातल्या. दुसऱ्यांदा जळला तेव्हा केवळरामला घातल्या.

नवा डीपी यायला नऊ दिवस लागले. तेवढ्यात बांध्यांना, धानाच्या वाफ्यांना, भेगा पडल्या आणि धानाची पानं भर दुपारी सुरळी करून उभी राहू लागली. तिरोड्याहून आलेला लाइनमन डीपी बसवून खांबावरून उतरला, हात पुसले आणि म्हणाला, "अब की बार जला तो बरसात के बाद ही मिलेगा. तीन-तीन हॉर्सपॉवर की छह मोटरें लिखी हैं, उतना ही चलाओ." मग तो फटफटीवर बसून गेला. त्याच्या मागे डीपीखाली सहा शेतकरी, सांडलेलं तेल आणि खर्ऱ्याच्या लाल पिचकाऱ्या तेवढ्या उरल्या.

"कोनाची मोटर जास्त खाऊन रायली ते मोजा," घनश्याम म्हणाला. डीपीवरची सगळ्यात मोठी शेती त्याची, त्यामुळे आवाजही त्याचाच मोठा. "ज्याची जास्त निघंल त्याची या सिझनले बंद."

सगळ्यांनी माना हलवल्या आणि सगळ्यांनी केवळरामकडे पाहिलं. केवळराम तिरोड्याच्या एका वकिलाची दोन एकर ठेक्याने करायचा. त्याची विहीर लाइनीच्या टोकाला, मोटर बारा वर्षांची. ती सुरू होताना असं काही विव्हळायची की अर्ध्या टोल्याला कळायचं, केवळरामनं बटन दाबलं. जी मोटर ओरडते तीच जास्त खाते, असं लोकांनी ठरवून टाकलं होतं.

मोजायचं कोणी, हा प्रश्न नव्हता. तेजराम बिसेनची सून दामिनी आयटीआयला वायरमन झाली होती. लग्नाला तीन वर्षं झाली, सर्टिफिकेट पेटीत पडलं होतं. पण टोल्यातला प्रत्येक बिघडलेला मिक्सर आणि पंखा तिच्याच हातून सुधारून जायचा, तेही फुकट. स्वतःच्या स्टायपेंडमधून घेतलेला टोंग टेस्टर तिच्याजवळ होता. वायर न तोडता तिच्याभोवती चिमटा धरला की किती करंट वाहतोय ते दाखवणारं यंत्र ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला लाइन आली. दामिनी डीपीच्या पेटीसमोर उभी राहिली आणि माणसं तिच्याभोवती.

"मास्तरीन, झटका लागला तं आमच्यावर नाव नोको ठेवजो," घनश्याम म्हणाला. सगळे हसले. कोणीतरी तिच्या चपलेजवळच पिचकारी टाकली.

"डोक्यावर पदर घे," तेजराम म्हणाला.

तिने पदर घेतला. पेटीत दोन्ही हात घातले की पदर घसरायचा, मग पुन्हा हात काढून तो सारखा करायचा. सहा मोटरा मोजेपर्यंत हे वीसेक वेळा झालं आणि प्रत्येक वेळी सासऱ्याने घसा खाकरला.

एकेकाची मोटर सुरू झाली. तिने खडूने सिमेंटच्या खांबावर आकडे लिहिले. चारशे व्होल्ट, पाच पॉइंट दोन अँपियर. दोन्हीचा गुणाकार, त्याला तीन फेजचे एक पॉइंट सात तीन, मग मोटरीचा पॉवर फॅक्टर पॉइंट आठ पाच. तीन हजार अठ्ठावन्न वॅट. तीनच्या मोटरीला एवढे लागतातच. घनश्यामची तेवढीच. ओमेशची चार-दोन वॅट इकडेतिकडे. तेजरामची पण तेवढीच. पाच मोटरा जणू एकाच आईच्या पोटच्या. शेवटी केवळरामची सुरू झाली, नेहमीसारखी विव्हळली, आणि टोंग टेस्टरवर पाच पॉइंट सहा आले. तीन हजार दोनशे चौऱ्याण्णव.

"सापडला!" ओमेश ओरडला.

"दोनशे छत्तीस वॅट जास्त हाये," दामिनी म्हणाली. "मोटर जुनी हाये, बेअरिंग घासली असंल. एवढा फरक चालते. एवढ्यानं डीपी नाई जळत."

"तुले मोजाले बोलावलं, वकिली कराले नाई," घनश्याम म्हणाला. "मीटर तुहाच हाये ना? आकडा तुहाच हाये ना? मंग झालं तं."

केवळराम पुढे आला. गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल, अंगात बाह्या फाटलेला सदरा. त्याने घनश्यामपुढे हात जोडले, ओमेशपुढे जोडले, मग कोणाकडे वळावं ते न कळून दामिनीपुढे पण जोडले.

"दोन दिवस द्या जी. धान पोटातून बाहेर येऊन रायला. एक पानी तं होऊ द्या."

परवा सकाळी त्याचे किटकॅट, डीपीच्या पेटीतले फ्यूज, काढायचे ठरले. लोकांनी हे अशा तोऱ्यात सांगितलं की जणू गावजेवण दिलं. दामिनीने खांबावर पाहिलं. तिच्या अक्षरातला तो आकडा सगळ्यात खाली होता आणि कोणीतरी त्याच्याभोवती विटेच्या तुकड्याने गोल काढला होता.

दुपारी ती स्वतःच्या बांधीत पाणी वळवायला गेली. फावड्याने धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, तोंड फोडलं आणि पाण्याचा लोट असा आला की फोडलेली माती घेऊनच गेला. ती पाइपापाशी आली. पाइपाच्या तोंडातून मांडीएवढी धार पडत होती. सकाळी डीपीवरून तिने याच पाइपाकडे पाहिलं होतं आणि धार मनगटाएवढी दिसली होती. तेव्हा तिला वाटलं, विहिरीला पाणी कमी असेल.

विहिरीवर गेली तर पाइपावरच्या व्हॉलच्या गंजलेल्या चाकावर बोटांचे ताजे ठसे होते. व्हॉल दाबला की पाणी कमी चढतं, पाणी कमी चढलं की मोटर करंट कमी घेते. हे कळायला आयटीआय लागत नाही. म्हाताऱ्या सासऱ्याला ते कसं ठाऊक नसेल! तिने स्टार्टरच्या पेटीत टोंग टेस्टर लावला. सात पॉइंट नऊ. गुणाकार तिला तोंडीच येऊ लागले होते. चार हजार सहाशे सत्तेचाळीस वॅट. सरळ सरळ पाचची मोटर, वर पाटी तीनची.

तेजराम मोहाच्या झाडाखाली गमछा अंथरून बसला होता.

"मामाजी, सकाळी व्हॉल तुमी दाबला होता?"

"कोनता व्हॉल?"

"आपली मोटर पाचची हाये."

तेजरामने खर्ऱ्याची पुडी हळूहळू उघडली, चिमूट तोंडात टाकली आणि तिच्याकडे न पाहता म्हणाला, "धान पाटी वाचून निसवते का?"

"केवळरामची कटून रायली, मामाजी. माह्या आकड्यानं."

"कटू दे. ठेक्याची जमीन त्याची. पुढच्या साली अजून कोनाची करंल." त्याने पिचकारी टाकली. ती बांधीच्या पाण्यात पडली आणि लाल पसरली. "तू जास्त शानी नोको होऊ. ज्या बांधीचा भात खातेस तिचंच पानी तोडशील का?"

दामिनीला त्या पाण्यात उभं राहवेना. हीच बांधी तिने पौषात थंडीने बोटं आखडेस्तोवर रोवली होती. जेवताना तिने दोन घास घेतले आणि ताट बाजूला सारलं. सासू अनुसयाबाई पाहत होती. "काऊन वं, दिवस गेले का काय?" तिने विचारलं. दामिनीने नाही म्हणून मान हलवली. नवरा संजू गोंदियाच्या राइस मिलवर होता, शनिवारी यायचा. तिने त्याला फोन लावला.

"तू कायले मधात पडतेस वं?" संजू म्हणाला. मागे मिलचा खडखडाट. "बुढ्याचं डोकं गरम हाये. आपल्या घरची गोष्ट घरात राहू दे." त्याचाही मोटरीच्या पाटीशी संबंध होता, हे तिला त्याच्या आवाजावरूनच कळलं. मोटर आणायला तोच गेला होता.

परवा उजाडला. दामिनी डीपीवर आली ती पाठीवर औषध फवारायचा पंप घेऊन. तेजरामला वाटलं, इथलं काम करून ती फवारायला जाणार. त्याला बरंही वाटलं.

केवळराम खांबाला टेकून बसला होता. दोन दिवस लाइन असेपर्यंत त्याने मोटर चालवली होती, डोळे लाल झाले होते. घनश्यामने दात कोरत पेटीकडे बोट केलं. "काढ वं, मास्तरीन."

"काढतो म्या," दामिनी म्हणाली. "आदी एक टेस्ट राहिली. सगळ्यायची लाइन बंद करा."

"अजून कोनती टेस्ट?"

"करंट व्हॉल दाबून कमी करता येते. तारेचा रजिस्टन्स नाई करता येत."

व्हॉल हा शब्द ऐकल्याबरोबर ओमेश एकदम शेंगदाणा अडकल्यासारखा खोकला. दामिनीने त्याच्याकडे पाहिलं, मग घनश्यामकडे. घनश्यामचं दात कोरणं थांबलं होतं. तोपर्यंत तिला वाटत होतं, टोल्यात एकच चोर आहे आणि तो आपल्या घरात आहे.

ती केवळरामच्या विहिरीकडे निघाली. माणसं धुऱ्यावरून ओळीने तिच्यामागे. तिने स्टार्टरमधून मोटरीच्या तारा सोडवल्या, फवारणी पंपातली बारा व्होल्टची बॅटरी काढली, दोन तारांना लावली आणि मध्ये मीटर धरला.

"बारा व्होल्ट. दोन अँपियर गेला. बाराले दोननं भागा, सहा ओम. तीनच्या मोटरीत बारीक तार राहते, ते करंटले एवढंच जाऊ देते." ती उठली. "आता आमची."

"आपली कायले?" तेजराम ओरडला.

ती थांबली नाही. स्वतःच्या विहिरीवर, सासऱ्याच्या डोळ्यांदेखत, तिने तारा सोडवल्या. बॅटरी लावली. मीटरवर तीन आले.

"बारा भागिले तीन. चार ओम. तार जाडी, अडवनं कमी, करंट जास्त. मोटर पाचची हाये." ती हे इतक्या मोठ्याने बोलली की तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

तेजरामचं तोंड काळंठिक्कर पडलं. सुनेच्या हातून गावासमोर अशी नाचक्की त्याच्या सात पिढ्यांत झाली नव्हती. त्याने गमछा खांद्यावरून ओढून जमिनीवर आपटला. पण तो सुनेवर धावला नाही, घनश्यामवर धावला.

"माही काढली तं सगळ्यायची काढा! मी एकटाच का? चल, घनश्याम, चल तुह्या विहिरीवर! कोन्या दुकानातून आनली ते मले नाई मालूम का?"

मग वरात निघाली. घनश्यामच्या विहिरीवर तीन अँपियर, म्हणजे मोटर पाचचीच. ओमेशच्या विहिरीवर तीन. राहिलेल्या दोघांपैकी एकाने किल्ली हरवल्याचं सांगितलं, तर ओमेशने दगड घेऊन पेटीचं कुलूपच फोडलं. तिथेही तीन. शेवटचा स्वतःच म्हणाला, "राहू द्या, पाचचीच हाये." हे म्हणताना तो चक्क हसला. पाचही पाट्या तीनच्या, पाचही मोटरा पाचच्या, आणि मोजणीच्या दिवशी पाचही जणांनी आपापला व्हॉल दाबून ठेवला होता. प्रत्येकाला वाटत होतं, ही अक्कल आपल्यालाच आहे. दामिनी एका धुऱ्यावर बसली आणि थोडा वेळ कोणाच्या तोंडाकडे पाहणं तिला जमेना.

लाज वाटून गप्प बसतील, असं तिला वाटलं होतं. पण घनश्याम खर्रा चघळत होता आणि त्याचं डोकं चालू होतं.

"मंग तं हिसाब सीधा हाये," तो म्हणाला. "पाच जनायची सारखी निघाली. केवळरामचीच येगळी हाये. त्याचीच काढा."

कोणी हसलं नाही. हसले असते तरी तिला बरं वाटलं असतं. लोक खरोखरच विचार करू लागले. तेजरामनेसुद्धा मान हलवली. केवळराम तोंड उघडं टाकून पाहत राहिला.

"काढा," दामिनी उठून म्हणाली. "त्याची काढली तरी तुमचा पाच जनायचा बोजा, मोटरीचा पॉइंट आठ पाच न धरता, सत्तावीस केव्हीएच्या वर होते. डीपी पंचवीस केव्हीएचा हाये. चार दिवसांत जळंल. मंग लाइनमन काय म्हनून गेला ते याद करा. सहाच्या सहा जनायचा धान पोचट होईन, तुमचा, आमचा, याचा."

त्याबरोबर सगळ्यांना न्याय आठवला. अर्ध्या तासात पाळी ठरली. आठ ते बारा तीन मोटरा, बारा ते चार तीन मोटरा, एका वेळी तीनच्या वर नाही. केवळरामचे किटकॅट जागेवर राहिले. जाताना त्याने दामिनीकडे पाहून रामराम केल्यासारखा हात कपाळाला लावला.

घरी तेजराम तिच्याशी बोलेनासा झाला. तिने वाढलेलं ताट तो सरकवून द्यायचा आणि अनुसयाबाईच्या हातून दुसरं घ्यायचा. अनुसयाबाई चुलीपाशी ऐकू जाईल असं पुटपुटायची, "घरच्या मानसाले उघडं करनारी पोरगी पाह्यली नाई बा." संजू शनिवारी आलाच नाही, मिलमध्ये जास्तीचं काम आहे म्हणाला. टोल्यातले मिक्सर-पंखे यायचे बंद झाले. ओमेशच्या बायकोने बोरिंगवर तिची कळशी आपल्या कळशीपासून पायाने सरकवली. दामिनीने हे सगळं गिळलं. तिला एकच धरून राहायला होतं, टोकाच्या दोन एकरांत पाणी जातं आहे.

पाळी लागून सहा दिवस झाले तेव्हा ती पाहायला गेली. केवळरामच्या वरच्या बांधीत पाणी होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या. खालच्या बांध्यांत पाऊल ठेवलं तर ढेकूळ टाचेला लागलं. तिथल्या लोंब्या पांढऱ्या पडल्या होत्या. तिने एक लोंबी ओढली, दाणा चिमटीत दाबला. दूध नव्हतंच, नुसतं टरफल. केवळराम दूर धुऱ्यावर उकिडवा बसला होता. त्याने तिला पाहिलं, पण उठला नाही.

दोन दिवसांनी सकाळी तो घरी आला. सायकलच्या कॅरिअरला एक मोटर दोरीने करकचून बांधलेली होती. दामिनी अंगणात शेण सारवत होती. तेजराम सपरीत, पुढच्या पडवीत, बसून दाढी करत होता.

"बाई," केवळराम म्हणाला, "साळ्याच्या घरी पडून होती. पाचची हाये."

दामिनी हात धुवायचे विसरली.

"चार घंटे भेटतेत मले," तो बोलत राहिला. नजर सारवलेल्या जमिनीवर. "त्यायले बी चारच भेटतेत. त्यायच्या चार घंट्यात सगळ्या बांध्या भरतेत, माही वरची एकच भरते. तुमी बराबर मोजलं, मी नाई म्हनत नाई. पन त्या मोजन्यानं माहा धान नाई वाचला." त्याने सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढून पुढे केलं. जुन्या मोटरीवरून छिन्नीने उचकटलेली पितळी पाटी होती ती. कडा वाकल्या होत्या, आकडे अजून वाचता येत होते. "हे याच्यावर बसवून देता का? लाइनमन पाहाले आला तं तीनच दिसली पायजे."

"डीपी जळंल," दामिनी म्हणाली.

"जळंल तवा सगळ्यायचा जळंल."

तिला ओरडावंसं वाटलं. त्याच्या तोंडावर शेणाचा हात मारावासा वाटला. आणि त्याच वेळी त्याच्या खालच्या बांधीतलं ते टरफल तिच्या चिमटीत अजून टोचत होतं, म्हणून तिला ओरडताही येईना.

सपरीतून तेजराम उठला. अर्ध्या गालाला साबण तसाच. आठ दिवस ज्याच्या तोंडून तिच्याशी शब्द निघाला नव्हता तो हसत हसत अंगणात आला आणि केवळरामच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आरं, तिले का विचारतोस? रिबीट माह्याजवळ हायेत. आन इकडं."

दोघांनी मोटर उतरवली. दोघं उकिडवे बसले, गुडघ्याला गुडघा लावून. केवळरामने पाटी धरली, तेजरामने रिव्हेटवर हातोडा मारला. मध्येच तेजराम काहीतरी म्हणाला आणि केवळराम हसला. इतक्या दिवसांत तिने त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. आतून अनुसयाबाई म्हणाली, "सूनबाई, चहा मांड वं. केवळराम आला हाये." आवाजात आज कुठे राग नव्हता.

दामिनीने हात धुतले, चहा ठेवला, दोन कप भरून आणले. पाटी बसली होती, नीट सरळ. केवळरामने कप घेतला, बशीत ओतला आणि पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"बाई, तुमच्या बॅटरीवर आता माही किती दाखवंल?"

"चार ओम," ती म्हणाली.

"म्हंजे त्यायच्यासारखीच?"

"त्यायच्यासारखीच."

"मंग झालं," केवळराम म्हणाला आणि समाधानाने फुर्र करून चहा ओढला.